पंचनाम्यातली वीणा

शासनाने २०२४ मध्ये आमचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे केले असले, तरी बालाघाटच्या डोंगरातल्या त्या वस्तीवरून पहाटे फोन आला तो "तलाठीसाहेब, मठ जळाला" असाच. बांधावरचे गवत जाळले की पुढचे जोमाने फुटते, ही समजूत आमच्याकडे कोणाच्या डोक्यातून जात नाही. त्या रात्री वारा सुटला आणि वणवा आग अडवणारी जाळरेषा ओलांडून थेट मठाच्या माळवदापर्यंत आला.

अखंड हरिनाम सप्ताहाचा पाचवा दिवस होता. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. दर दोन तासांनी पहारा बदलतो आणि ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आग लागली तेव्हाचा विणेकरी नाम घेतच बाहेर पडून चिंचेखाली उभा राहिला, आणि बाकीचे विझवण्यात गुंतल्यामुळे त्याचा पहारा उजाडेपर्यंत चालला. मी पोहोचलो तेव्हा त्याच्या धोतराला कुसळे टोचलेली होती, वीणेच्या भोपळ्यावर राख बसली होती. पहाऱ्यावरचा माणूस नामाखेरीज बोलत नाही, म्हणून जबाबासाठी मी अर्धा तास थांबलो.

झोपडीला ८,००० रुपये, गोठ्याला ३,०००, दुभत्या गायी-म्हशीला ३७,५००. सरकारी मदतीचे तेव्हाचे हे निकष मला तोंडपाठ आहेत, पण मठ त्यांतल्या कशातच बसत नाही. त्यात सातबारा देवाच्या नावे, पुजारी नुसता वहिवाटदार, आणि मदत जमा होणार आधारशी जोडलेल्या खात्यात. तहसीलमधला सहकारी "देवाचे आधार काढा" म्हणून हसला. त्याने जळालेले घर जवळून पाहिलेले नाही, एवढेच म्हणतो.

माळवदासाठी मात्र कोणी रडले नाही. छापील गाथा आणि ज्ञानेश्वरी पंढरपुरात हव्या तेवढ्या मिळतात. गेल्या त्या भजनाच्या चार वह्या, ज्यांत कोणता अभंग कोणत्या चालीवर म्हणायचा हे तीन पिढ्यांनी लिहून ठेवले होते. किंमत विचारली, तर एक आजी म्हणाल्या, "लिव्हा की साहेब, पंधरा रुपयाची वही व्हती." दुपारी त्याच आजी चिंचेखाली आठवेल तो अभंग म्हणत होत्या, नात नव्या वहीत उतरवून घेत होती, आणि चाल कागदावर लिहायची कशी यावर दोघींचा वाद चालला होता.

काल्याचे कीर्तन ठरल्या दिवशीच झाले. आसपासच्या गावांच्या वर्गणीतून पत्र्याचे शेडही उभे राहिले, आणि त्यानंतर माझा पंचनामा शेरा मारून परत आला: "वह्या ४, मूल्य ६० रुपये, यास आधार काय?" तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे.