११ मिनिटांचा रतीब, आठवडा ९: तेरावर अडकलेलं गाडं आणि डावी टाच

सुटलं एकदाचं! रोजच्या ११ मिनिटांच्या व्यायामाची रविवारची चाचणी, खुर्चीतून ऊठबस, ३० सेकंदांत: १५. त्याआधीच्या तीन रविवारच्या नोंदी १३, १३, १३ अशा आहेत. मागच्या नोंदीत दोष मांड्यांवर ढकलला होता. ते निदान साफ चुकलं.

चाचणीची शिस्त तीच ठेवली आहे. बिनहातांची, टणक बैठकीची, ४३ सेंमी उंच खुर्ची, पाठीमागे भिंत, हात छातीवर कैची. दर वेळी पूर्ण ताठ उभं राहायचं, पूर्ण बसायचं. वेळ संपताना अर्ध्याहून वर उठलेलं असेल तर तो रेप (एक पूर्ण ऊठबस) धरायचा. गादीच्या खुर्चीवरचा आकडा या लॉगमध्ये चालणार नाही, बूड २ सेंमी जरी रुतलं तरी चाचणी वेगळीच होते. ६५ ते ६९ या वयात पुरुषांचे १२ आणि स्त्रियांचे ११ पेक्षा कमी रेप झाले तर ते सरासरीखाली धरतात. म्हणजे १३ हा आकडा वाईट नव्हता. सरावातलं वजन वाढत असताना तो जागचा हलत नव्हता, खटकत होतं ते हे.

आधी केलं काय, तर ४ किलोची पिशवी छातीशी धरून ८ चे ३ सेट, वर जायला ३ सेकंद, खाली यायला ३. सेट सोपे होत गेले, आकडा तिथेच. तेव्हाच ओळखायला हवं होतं: बळ वाढतंय, झपाटा वाढत नाही. वय वाढतं तसे स्नायूंमधले झटकन आकसणारे टाइप २ तंतू जास्त बारीक होतात. त्यामुळे बळ घटतं त्याहून पॉवर, म्हणजे झटक्यात बळ लावायची क्षमता, लवकर घटते. ठेच लागली की तोल सावरायला पाय चटकन पुढे पडावा लागतो, तिथे लागते ती हीच पॉवर. सगळा सराव संथ केला तर शरीर संथच उठायला शिकतं.

म्हणून सातव्या आठवड्यात टेम्पो, म्हणजे उठण्या-बसण्याचा वेग, बदलला. पिशवी काढली. वर जाताना जमेल तितक्या जोरात, खाली येताना तीन मोजत. ६ चे ३ सेट, मध्ये १ मिनिट विश्रांती. एखादा रेप ढिला पडला की सेट तिथेच थांबवायचा, थकून केलेले संथ रेप या कामाचे नाहीत. उठताना श्वास सोडायचा. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब उसळतो, आणि या वयात ते नकोच. उभं राहिल्यावर चक्कर आली तर त्या दिवशी सराव बंद. गुडघा दुखत असेल तर खुर्चीची उंची ४८ सेंमीपर्यंत वाढवून सुरुवात करायची आणि हळूहळू उतरायचं.

एवढं करूनही त्या रविवारी आकडा १३ च.

मग फोन गुडघ्याच्या उंचीवर, दोन मीटर अंतरावर, बाजूने ठेवून स्लो मोशनमध्ये शूट केलं. बूड सुटतं नेमक्या त्याच क्षणी डावी टाच बोटभर वर येते. उजवी चिकटून बसलेली. दर रेपला हेच.

उठताना नडगी पुढे कलली तरच शरीराचा भार पावलांवर येतो. घोटा पुरेसा वाकला नाही तर एक तर टाच सुटते, नाही तर पावलं पुढे सरकवून बसावं लागतं आणि धड भिरकावून उठावं लागतं. टाच सुटली की भार चवड्यावर येतो, तोल डगमगतो आणि तो सावरण्यात क्षण जातो. तेरा रेपमध्ये असे तेरा क्षण.

मोजमाप सोपं आहे. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, आणि टेकतो त्या सर्वात लांबच्या जागी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं. उजवा ९ सेंमी, डावा ५. गुडघा आत पाडून आणि पावलाची कमान खाली घालवून दीड-दोन सेंमी फुकटात मिळतात, तो आकडा खोटा. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेतच गेला पाहिजे.

उपाय गुडघा वाकवूनच करायचा. पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्या मागून जातो, तो गुडघा वाकवला की सैल पडतो आणि ताण त्याखालच्या सोलियस या स्नायूवर येतो. सरळ पायाचा ताण इथे अपुरा पडला. रोज ४५ सेकंदांचे दोन ताण, लगेच ऊठबस, आणि बसताना टाचा गुडघ्यांच्या मागे साधारण १० सेंमी. दोन आठवड्यांत डावा घोटा ६.५ सेंमी, टाच जमिनीवर, आकडा १५. ताण मागे पोटरीत जाणवला तरच उपयोग. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसत असेल तर अडचण सांध्यात आहे, तिथे ताणत राहू नये.

आता बेत बदलतोय. पुढचे चार आठवडे रबरी लूप (पायांभोवती घालायचा व्यायामाचा गोल पट्टा) घालून बाजूला पावलं टाकायची ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता एका पायावर उभं राहण्याच्या नोंदी शेजारी आल्या: उजवा २४ सेकंद, डावा ११. तोच घोटा! म्हणून लूप बाजूला, त्या जागी पायरीच्या कडेवर चवडा ठेवून, कठडा धरून, गुडघा किंचित वाकवून डावी टाच ५ सेकंदांत खाली सोडायची आणि वर येताना दोन्ही पाय वापरायचे. ८ चे २ सेट, एक दिवस आड. नुसत्या ताणापेक्षा हे सरस, लांबी आणि बळ एकत्र मिळतं. (रबरी लूप तसाही मांडीवर गुंडाळत वर चढतो. कापडी घ्यावा. रबरी वापरायचाच असेल तर दर वेळी ताणून उजेडात बघा, बारीक भेगा दिसल्या की टाकून द्या.)

मापही बदलावं म्हणतो. ३० सेकंदांत दमसास मिसळतो, म्हणून जोडीला पाच ऊठबसांचा वेळ लिहायचा. सार्कोपेनियाच्या (वयाबरोबर स्नायू झिजण्याच्या) २०१९ च्या युरोपियन निकषांत १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर स्नायूंचं बळ कमी धरतात. पहिली नोंद ११.२.

मिनिटांचं गणित तेच: सकाळी ४, दुपारी ३, संध्याकाळी ४. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात सलग १० मिनिटांची जुनी अट काढून टाकली, त्यामुळे तुकडे करायला संकोच नको. मात्र तिथे सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटं यातून भरत नाहीत. झपझप चालणं वेगळं, ते चालूच आहे.

आणि गुरुवारची नोंद, ठळक अक्षरांत: डाव्या पायावर उभं राहून, भिंत न धरता, उजव्या पायात मोजा चढवला. टाच हलली नाही.