कॅडबरी सोडून काय आणू?

मी ठाण्याला यायच्या महिनाभर आधीपासून फॅमिली ग्रुपवर एकच विषय चालतो आणि त्यातला पहिला मेसेज हमखास चॉकलेटचा असतो. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमहून ठाण्याला कॅडबरी आणण्यात काय मजा आहे, मला खरंच कळत नाही. जॉन कॅडबरीने 1824 मध्ये बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर दुकान टाकलं, हे मान्य. पण इथे हायवेवरच्या चौकालाच कॅडबरी जंक्शन म्हणतात, रिक्षावाल्याला वेगळा पत्ता सांगावा लागत नाही. आणि बॉर्नव्हिल हे तिकडे कारखान्याभोवती वसवलेलं उपनगर आहे, इथे ते वाण्याच्या काउंटरवर मिळतं. तेव्हा चॉकलेट बाद. तेवीस किलोंत त्याहून बऱ्या गोष्टी बसतात.

माझी आवडती खरेदी होते ती स्टोक-ऑन-ट्रेंटला. बर्मिंगहॅमहून ट्रेनने साधारण तासाभरावर. सहा गावं मिळून हे शहर झालंय आणि या सगळ्या भागाला ‘पॉटरीज’च म्हणतात, कारण गेली अडीचशेहून जास्त वर्षं इथे कपबशा घडताहेत. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या एके काळी शेकड्यांनी धूर ओकत होत्या, आता पन्नासही शिल्लक नाहीत. मातीकाम मात्र चालू आहे. बऱ्याच कारखान्यांना लागून त्यांचं स्वतःचं दुकान असतं आणि तिथे सेकंड्स मिळतात, म्हणजे किरकोळ दोष राहिलेला माल. कुठे ग्लेझमध्ये टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, कुठे पाकळीचा रंग जरासा सरकलेला. हॅनलीला एमा ब्रिजवॉटरचा कारखाना आहे. ही कंपनी 1985 पासूनची. तिथे स्पंजचे तुकडे कोंबडीच्या, पानाच्या, ठिपक्याच्या आकारात कापून, रंगात बुडवून मगवर हाताने ठसे उठवतात. दोन मग शेजारी ठेवले की कोंबड्यांच्या माना वेगवेगळ्या वळलेल्या दिसतात. मला तर दोषवालेच जास्त आवडतात.

स्टोकच्या माणसांना एक खोड असते. कुठेही चहाला गेले की बशी उलटी करून खालचा शिक्का बघायचा. भांडं उलटसुलट करून आपल्याकडेही बघतात, पण शिक्का नव्हे, नाव. तिकडे घडवणाऱ्याचं, इथे मालकाचं, तेही तारखेसकट. आमच्या घरातल्या एका परातीवर आजीचं माहेरचं नाव अजून वाचता येतं. यंदा मी जांभळी नाक्याजवळच्या भांड्यांच्या दुकानात मुद्दाम मग घेऊन गेले, यावर नाव घालून द्याल का म्हणून विचारायला. नाव घालायचं मशीन त्यांच्या हातातच होतं. त्यांनी मग घेतला, नखाने टिचकी मारून कानाशी धरला आणि परत केला. “ताई, हा फुटेल. आणि नाही फुटला तरी अख्ख्या वाडीत ही कोंबडी कुणाकडे आहे? नाव कशाला?”

कप घेताना एक मात्र बघून घ्या, विशेषतः घरात कुणी कडक शाकाहारी असेल तर. बोन चायनात जनावरांच्या हाडांची राख असते, तीही चिमूटभर नाही, जवळजवळ निम्मी. हे मिश्रण स्टोकच्याच जोसाया स्पोडने अठराव्या शतकाच्या शेवटी बसवलं. साधं मातीचं भांडं आणि बोन चायना यांतला फरक ओळखायला सोपा आहे. कप उजेडासमोर धरायचा आणि मागे बोटं ठेवायची. बोटांची सावली दिसली तर बोन चायना. मी हे सांगितल्यावर आत्या उठली, शोकेसमधला आजोबांच्या काळातला ‘मेड इन इंग्लंड’ कप काढून खिडकीत नेला, बराच वेळ बोटं हलवून बघितली आणि काही न बोलता जागेवर ठेवला. आता त्या सेटमधून चहा फक्त पाहुण्यांना मिळतो.

गमतीच्या वस्तूंपैकी ठाण्यात काय चालत नाही, तेही सांगते. टी कोझी, म्हणजे किटलीला घालायची लोकरीची टोपी. दिसते गोड, पण मे महिन्यात नौपाड्यात चहा गार व्हायची वाट बघावी लागते, तिथे टोपी काय करायची. इलेक्ट्रिक किटलीही नको. व्होल्टेज सारखंच आहे, पण तिकडच्या प्लगच्या तीन चौकोनी पिना इथे कुठेच बसत नाहीत आणि त्यासाठी घरभर अडॅप्टर शोधत बसावं लागतं. टोस्ट रॅकबद्दल मी साशंक होते. भाजलेले ब्रेड उभे ठेवायचे, म्हणजे वाफ धरून ते मऊ पडत नाहीत, असा त्याचा उपयोग. वहिनीने तो चार्जिंगच्या सॉकेटखाली ठेवलाय आणि घरातले सगळे मोबाइल रात्री त्यात ओळीने उभे असतात. एगकपात आई देवाजवळ सोनचाफ्याचं एक फूल ठेवते. तो मुळात कशासाठी असतो, हे आत्याला कुणी सांगितलेलं नाही, कृपया तुम्हीही सांगू नका.

सगळ्यात यशस्वी ठरला टी टॉवेल. भांडी पुसायचा कापडी रुमाल, वजन नाही, फुटायची भीती नाही, आणि त्यावर काय वाटेल ते छापलेलं असतं. पक्षी, रेल्वेचे मार्ग, स्कोनची कृती, एखाद्या परगण्याचा नकाशा. आईने त्याने भांडी पुसायला साफ नकार दिला. “एवढं छान चित्र आहे, पुसायचं काय त्याने?” सध्या वेल्सचा नकाशा आमच्या मिक्सरवर झाकलेला आहे आणि मावशीने स्कॉटलंड मागितलंय.

यातलं बरंचसं मी चॅरिटी शॉपमध्ये शोधते. लोक नको असलेल्या चांगल्या वस्तू देऊन टाकतात, दुकान त्या स्वस्तात विकतं आणि पैसा समाजकार्याला जातो. ऑक्सफॅमने 1947 मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर आपलं पहिलं दुकान काढलं. आता प्रत्येक बाजारात अशी तीन-चार तरी असतात. एका बाजूला जुने कपडे, दुसऱ्या बाजूला भांडी. जणू आपल्या बोहारणीने डोक्यावरची पाटी उतरवून पक्कं दुकान थाटलंय. फक्त तिकडे साडीवर पातेलं मिळत नाही आणि घासाघीसही चालत नाही, हे वहिनीला फार कंटाळवाणं वाटतं. माझा अनुभव असा की सुखवस्तू वस्तीतल्या दुकानात जावं. तिथल्या आज्या घर आवरायला काढतात तेव्हा निळ्या नक्षीच्या विलो पॅटर्नच्या बशा येतात. पूल, झाड, वर दोन पाखरं. चित्र दिसतं चिनी, पण नक्षी इंग्लंडातच जुळवलेली. सहा एकसारख्या कधीच मिळत नाहीत. आईच्या मते हे लक्षण बरं नाही, माझ्या मते फारच बरं.

कपड्यांचं थोडक्यात आटोपते, कारण त्यात तेवढं नवल उरलेलं नाही. मॉलमध्ये इथेही तेच ब्रँड आहेत. प्रायमार्क मात्र अजून इथे नाही, आणि बर्मिंगहॅमचं प्रायमार्क पाच मजली आहे. 2019 मध्ये उघडलं तेव्हा ते त्यांचं जगातलं सर्वांत मोठं दुकान होतं. कंपनी मुळात आयरिश, डब्लिनची. लोक तिथून पिशव्या भरभरून नेतात. मी मोजे आणि मुलांचे नाइट ड्रेस घेते, बाकीचं दोन धुण्यांत रडतं. खरी शोधण्यासारखी वस्तू म्हणजे लिननची पँट. इंग्लंडचा उन्हाळा इतका तोकडा की लोकांचं लिनन घालायचं राहून जातं आणि जूनअखेरच्या सेलमध्ये ते निम्म्या किमतीला येतं. ठाण्यात तेच आठ महिने वापरता येतं. मात्र ‘समर ड्रेस’ या पाटीवर जाऊ नका. बाजूच्या शिवणीत आत एक पांढरी पट्टी असते, ती वाचा. अर्ध्याहून जास्त वेळा पॉलिएस्टर निघतं, वर पॉलिएस्टरचंच अस्तर, आणि तो ड्रेस घालून दुपारी ठाणे स्टेशनच्या पुलावर चढून बघा. त्याच पट्टीवर बऱ्याचदा ‘मेड इन इंडिया’ही वाचायला मिळतं. तिरुपूरहून बर्मिंगहॅम, बर्मिंगहॅमहून ठाणे, कपडा माझ्यापेक्षा जास्त फिरलेला असतो.

वहिनीने त्या पँटमध्ये हेरलं ते खिसे. चांगले मनगटापर्यंत हात जाईल असे. तिने ती राम मारुती रोडच्या गल्लीतल्या तिच्या मास्टरकडे नेली, त्यांनी कागद ठेवून आखून घेतली, आणि आठवड्याच्या आत सुती कापडात तशीच शिवून दिली. शिलाई धरूनही सेलमधल्या पँटपेक्षा स्वस्त. तेव्हा आणायचाच तर एक नमुना आणा, सहा नकोत. आणि हो, तिकडे फिरायला जाणाऱ्यांसाठी: विमानतळावर खरेदीवरचा टॅक्स परत मिळायचा ती सोय 2021 च्या सुरुवातीपासून बंद आहे. पावत्या जपून काही उपयोग नाही.

आता गोड. बॅगेत त्याचं वजन शून्य, कारण मी फक्त कृती आणते.

कस्टर्डपासून सुरुवात करायला हवी, कारण ते बर्मिंगहॅमचंच. अल्फ्रेड बर्ड नावाच्या तिथल्या केमिस्टच्या बायकोला अंडं सोसायचं नाही. म्हणून त्याने 1837 मध्ये अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर वापरून कस्टर्ड पावडर तयार केली. आपल्या अंडं न चालणाऱ्या घरांतही फ्रूट कस्टर्ड बिनघोर होतं, ते त्या बाईंच्या पथ्यामुळे. डिगबेथमधल्या त्यांच्या जुन्या कारखान्यात आता दुकानं आणि स्टुडिओ आहेत, नाव मात्र कस्टर्ड फॅक्टरीच. गंमत म्हणजे तिकडे भर जुलैतसुद्धा कस्टर्ड गरम करून पुडिंगवर ओततात. फ्रिजमध्ये गार करून त्यात चिकू, केळी, डाळिंबाचे दाणे घालायचे, ही आपली पद्धत कैक पटींनी बरी, आणि हे मी तिकडेही सांगत असते.

उन्हाळ्यात गल्लीत आइस्क्रीमची गाडी येते, घंट्यांची धून वाजवत. या धुनेलाही सरकारी नियमावली आहे: एका वेळी 12 सेकंदांपेक्षा जास्त नाही, दुपारी 12 च्या आधी नाही, संध्याकाळी 7 नंतर नाही. हे मी आमच्या सोसायटीत सांगितलं तेव्हा गणपतीच्या वर्गणीचा हिशेब करत बसलेले काका बराच वेळ हसत होते.

ईटन मेस म्हणजे स्ट्रॉबेरी, फेटलेलं क्रीम आणि कुस्करलेलं मेरँग (साखर घालून फेटलेला, भाजून कुरकुरीत केलेला फेस), सगळं एकत्र कालवायचं. नीट दिसावं अशी अपेक्षाच नाही, त्यामुळे पाहुणे दारात असताना उत्तम. इथे मेपर्यंत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी संपलेली असते, म्हणून मी हापूस घालते. मेरँग अंड्याच्या पांढऱ्याचं असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी साखर घालून फेटावं, ते खरोखर तसंच फुलतं. फक्त ठाण्याच्या दमट हवेत मेरँग ताटात काढून ठेवलं की तासाभरात चिकट होतं, तेव्हा भट्टीतून निघालं की हवाबंद डब्यात टाका आणि आयत्या वेळी कुस्करा.

पण माझं लाडकं समर पुडिंग. यात भाजणं नाही, अंडं नाही, क्रीमही लागत नाही. पूर्वी पाणी-उपचारांच्या आरोग्यधामांत, जिथे पेस्ट्री वर्ज्य असायची, तिथे रुग्णांना हे द्यायचे. वाडग्याला आतून ब्रेडच्या स्लाइस लावायच्या, त्यात जेमतेम शिजवलेल्या रासबेरी आणि रेडकरंट भरायच्या, वरून ब्रेडचं झाकण, त्यावर बशी आणि वजन, आणि रात्रभर फ्रिज. सकाळी उपडं केलं की लालभडक घुमट उभा राहतो.

रासबेरी इथे परवडत नाही, पण करवंदं आहेत की. ठाणे स्टेशनच्या बाहेर आणि गावदेवीच्या बाजारात आदिवासी बायका सकाळी सकाळी पानांच्या द्रोणांत घेऊन बसतात. अर्धा किलो करवंदं आणि अर्धा किलो जांभळं घेतली. करवंदं धुताना चीक हाताला लागतो, बोटांना आधी तेल चोळलं तर त्रास नाही. पाऊण वाटी पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवली आणि चाळणीतून दाबून गाळली, बिया वर राहिल्या. जांभळांचा गर कच्चाच काढून त्यात मिसळला, दीड वाटी साखर आणि चिमूटभर मीठ. रंग असा की आईने आधी ओट्यावर वर्तमानपत्र घातलं, मगच मला पुढे काही करू दिलं. ब्रेड कालचा घ्यायचा, कडा कापायच्या, आणि स्लाइस एकमेकींवर थोड्या चढवायच्या, नाहीतर फटींतून रस गळून घुमट बसतो. वर वजन म्हणून खलबत्त्यातला बत्ता आडवा ठेवला. सकाळी काढल्यावर दोन जागी ब्रेड पांढरा राहिला होता, त्यावर उरलेला रस चमच्याने सोडला.

आत्याने स्टीलच्या वाटीत घेतलं आणि वर सायीचा गोळा घालून संपवलं. वहिनीचं म्हणणं, साखर थोडी कमी आणि सुंठ हवी होती, आणि सुंठेबद्दल ती बरोबर आहे. पहिला पाऊस पडला की करवंदं पाणचट होतात आणि बायकाही यायच्या थांबतात, तेव्हा करायचं असेल तर याच आठवड्यात उरका.