अर्धं हिरवं पान

नान्नज म्हणजे सोनाका या द्राक्षवाणाचं गाव. तिथल्या बागायतदाराशी द्राक्षाबद्दल बोलताना मी जरा जपूनच असतो. त्या दिवशी मात्र गाडीतून उतरता उतरताच बोलून गेलो, "अण्णा, मॅग्नेशियम कमी पडलंय."

फळछाटणीला 35 दिवस झालेले. बागेच्या मधल्या सहा ओळी पिवळ्याधमक, बाकी सगळं हिरवंगार. ओळीत शिरलो आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. बुडाकडची जुनी पानं ठणठणीत होती. पिवळी होती ती शेंड्याची कोवळी पानं, शिरा तेवढ्या हिरव्या. मॅग्नेशियम कमी पडलं तर वेल ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून आधी जुनी पानं पिवळी पडतात. लोह असं हलत नाही, ते कमी पडलं की आधी कोवळी पानं पिवळी पडतात. शेंडे थांबलेले, पेरं आखूड, काही कोवळी पानं तर पांढुरकी पडून कडेनं करपलेली.

"लोहासाठी फेरस तर दोनदा सोडलं की ठिबकनं," अण्णा म्हणाले. देठ परीक्षणाचा, म्हणजे पानांच्या देठातली अन्नद्रव्यं तपासल्याचा, कागदही पुढं केला. त्यात लोह पुरेसं! या आकड्यानं मी पूर्वी फसलोय. पिवळ्या पानातसुद्धा एकूण लोह भरपूर निघतं, पण ते वेलीच्या कामाचं नसतं.

बॅगेतून सौम्य आम्लाची बाटली काढली. पिवळ्या ओळीतल्या मातीवर चार थेंब टाकले, तर माती सोड्यासारखी फसफसली. शेजारच्या हिरव्या ओळीत जेमतेम बुडबुडे.

बांधावर बसलेल्या आजी तेवढ्यात म्हणाल्या, "तितं हिरीचं पांढरं पसरलंय न्हवं का? तुझ्या बानं हीर खांदली तवा."

अण्णा गप्प. त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

विहिरीतून निघालेली चुनखडी. तिच्यात साधं फेरस टाकलं की मुळांना न मिळणाऱ्या रूपात अडकून बसतं, लोहाला धरून ठेवणारं ईडीटीए चिलेटही टिकत नाही. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट, ते लालसर येतं ते. महाग आहे, म्हणून सहा ओळींपुरतंच सांगितलं.

पण अण्णांचा विश्वास बसावा म्हणून (आणि खरं सांगायचं तर सकाळी तोंड घातलं होतं म्हणूनही) फेरस सल्फेटच्या पातळ द्रावणात थोडं सायट्रिक आम्ल घालून दहा पानांच्या फक्त उजव्या अंगाला ब्रशनं लावलं.

आठवड्यानं अण्णांचा फोटो आला. पान मधोमध वाटल्यासारखं, उजवीकडं हिरवं, डावीकडं पिवळं. लगेच फोनही आला.

"सर, आई विचारतीया, सगळं पान का न्हाई रंगवलं म्हून."