गोल पटाशीच्या पोटात पाहावे

इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून रविवारच्या जुन्या बाजारांतून मी लाकडी कोरीवकामाच्या पटाश्या गोळा करीत आलो आहे. गेल्या महिन्यात गंजलेल्या करवतींखाली एक काळवंडलेली गोल पटाशी, म्हणजे नळीसारख्या वळलेल्या पात्याची पटाशी, हाती लागली. पात्यावर 'ॲडिस' हे नाव आणि 7 हा आकडा होता, आणि मुठीवर तिच्या दोन जुन्या मालकांची नावे ठोकलेली होती. ही नावे मी कधीही घासून काढीत नाही, कारण त्या हत्यारावर पोट भरणाऱ्या माणसांची तेवढीच खूण उरलेली असते.

पात्यावरच्या नावाने मात्र हुरळून जाऊ नये. जे. बी. ॲडिस या हत्यारे बनवणाऱ्यांच्या अनेक पटाश्यांवर 1851पासूनच्या प्रदर्शनांतील पदकांची वर्षे असतात. त्यांतले शेवटचे वर्ष, पटाशी त्याआधीची नाही, एवढेच सांगते. एस. जे. ॲडिस हे लंडनचे नाव पुढे शेफील्ड शहरातल्या वॉर्ड अँड पेन या कारखानदारांकडे गेले, त्यामुळे त्या नावाची प्रत्येक पटाशी लंडनचीच असते असे नाही. 'कास्ट स्टील' या शब्दांवरून पाते बिडाचे समजू नये. बेंजामिन हंट्समन यांनी 1740च्या दशकात शेफील्डजवळ मुशीत वितळवून पोलाद करण्याची जी रीत बसवली, त्या पोलादाची ती खूण आहे.

पटाशीवरचा आकडा पात्याच्या बाकाचा असतो. पटाश्यांच्या आकारांच्या शेफील्डच्या यादीत 1 म्हणजे सरळ पटाशी, 2 म्हणजे तिरकस धारेची, 3 ही सर्वांत उथळ गोल पटाशी, आणि पुढे बाक वाढत जाऊन 9 जवळजवळ अर्धवर्तुळाचा होतो; व्ही आकाराच्या पटाशीला 39 हा आकडा आहे. आकडा झिजला असेल, तर धार कागदावर टेकवून तिचा ठसा घ्यावा आणि ओळखीच्या पटाशीच्या ठशाशी ताडून पाहावा. युरोपातील इतर याद्यांचे आकडे याच्याशी तंतोतंत जुळत नाहीत.

खरी परीक्षा पात्याच्या पोटात, म्हणजे नळीच्या आतल्या बाजूला असते. धार ही आतला आणि बाहेरचा पृष्ठभाग जिथे मिळतात तिथे तयार होते. बाहेरून कितीही घासले, तरी आत गंजाचे खोल खड्डे असतील तर प्रत्येक खड्डा धारेवर दाता होऊन उमटतो आणि लाकडावर ओरखडा ओढतो. म्हणून विकत घेण्याआधी मी बोटाचे नख आतून टोकापर्यंत फिरवून पाहतो. टोकाशी निळी झाक दिसली, तर कोणीतरी यंत्राच्या चाकावर ती जाळली आहे आणि पोलादाचे पाणी उतरले आहे असे समजावे. माझ्या हातून एक उत्तम पटाशी अशीच गेली. तेव्हापासून मी चाक वापरत नाही; बाहेरून सपाट दगड, आतून गोल कडेचा लहान दगड आणि शेवटी कातडी पट्टा, एवढ्यावरच धार आणतो, मग एक संध्याकाळ पूर्ण खर्ची पडली तरी चालते.

या पटाशीचे पोट स्वच्छ निघाले. आतूनही किंचित उतार दिल्यावर लाइमच्या (म्हणजे लिंबाच्या नव्हे, लिंडेन झाडाच्या) लाकडात मी ती डाव्या हाताने पाते आवरीत, उजव्या हाताने मूठ हलकेच वळवीत चालवली, तेव्हा रेषांना आडवा गेलेला कापही चकचकीत उमटला आणि त्यावर सँडपेपर घासावा लागला नाही.