आधी रविवार पाहा: फिजी आणि सामोआतल्या पायवाटा

फिजी-सामोआ करणारे बहुतेक जण आधी बेटांची यादी करतात. मी म्हणेन, आधी कॅलेंडरवरचे रविवार खुणावून घ्या. रविवारी दोन्हीकडची गावं चर्चमध्ये असतात. दुकानं बंद, बस नाहीत किंवा नावापुरत्या, आणि गावाच्या हद्दीतून पाठपिशव्या लटकवून भटकणं कुणाला रुचत नाही. तो दिवस लांबच्या चालीसाठी धरूच नका.

मे ते ऑक्टोबर हे कोरडे महिने, नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे. फिजीच्या तावेउनी बेटावर मात्र कोरड्या महिन्यांतही पाऊस गाठतोच. या बेटाच्या पूर्व टोकाला रस्ता लावेना गावात संपतो आणि तिथून किनाऱ्याची वाट सुरू होते: एका बाजूने सुमारे पाच किलोमीटर. प्रवेश शुल्क गावातच भरायचं. बराचसा भाग सपाट, नारळाच्या सावलीतला. मग वाट ओढ्याच्या काठाने आत वळते आणि शेवटचा टप्पा चक्क पाण्यात. कातळांच्या मधून पोहत गेलं की धबधबे दिसतात. मला तरी अख्ख्या प्रवासात याहून सरस जागा सापडली नाही. मोबाईल-पैशांसाठी पाणी न शिरणारी पिशवी आणि ओल्या दगडावर न घसरणारे बूट हवेतच. डोंगरात पाऊस झाला असेल, पाणी गढूळ दिसत असेल, तर सरळ मागे फिरा. बोउमाचे तावोरो धबधबे याच रस्त्यावर आहेत. पहिल्यापर्यंत कुणीही जाईल, तिसऱ्याची वाट चिखलाची. बस मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ चालकालाच विचारून ठेवा.

फिजीतल्याच यासावा बेटांसाठी नांदी शहराजवळच्या देनाराऊ बंदरातून सकाळी कॅटामरान (जोडसांगाड्याची बोट) सुटते. बेटं मोजत बसण्यापेक्षा वाया बेटावर मुक्काम टाका आणि डोंगर चढा. वरून प्रवाळाचे पट्टे स्पष्ट दिसतात. गावात जायचं तर टोपी काढा, खांदे-गुडघे झाका आणि मुखियासाठी यंगोनाच्या (म्हणजे कावा पेयाच्या) मुळ्यांची जुडी न्या. ती नांदीच्या बाजारातच घ्या.

शाकाहाऱ्यांची फिजीत आबाळ होत नाही. १८७९ ते १९१६ या काळात भारतातून साठ हजारांवर गिरमिटिया (करारबद्ध) मजूर इथे आणले गेले, त्यामुळे रोटी-भाजी बसस्टँडवरही मिळते आणि मोडक्या हिंदीवरही काम भागतं. सामोआत पालुसामी मागा: अळूची कोवळी पानं, आत नारळाचं घट्ट दूध. आपल्या फदफद्याचा दूरचा भाऊच म्हणा! कधी त्यात डब्यातलं गोमांसही घालतात, तेवढं विचारून घ्या.

नांदीहून सामोआची राजधानी आपिया विमानाने सुमारे दोन तास. आपिया ज्या बेटावर आहे त्या उपोलूच्या मुलिफानुआ धक्क्यावरून शेजारच्या सावाई बेटाची फेरीबोट मिळते. सावाईवरच्या सालेआउलाला मातावानू ज्वालामुखीचा १९०५ ते १९११ मधला लाव्हा गोठून पडलाय, त्यात चर्चच्या भिंती उभ्या आहेत. काळ्या दगडावर दुपारी ऊन फार भाजतं, सकाळीच जा. तागाजवळच्या आलोफाआगात खडकाच्या भोकांतून समुद्र उसळतो. भरतीची वेळ साधा आणि भोकांपासून लांबच थांबा. प्रत्येक गाव आपल्या किनाऱ्याचे, धबधब्याचे पैसे वेगळे घेतं. ती त्यांची जमीन आहे, घासाघीस नको, सुट्टे ताला (सामोआचं चलन) ठेवा. संध्याकाळी प्रार्थनेची वेळ झाली की गावातून चालू नका. मोकाट कुत्र्यांसाठी हातात काठी बरी.

पुढे अमेरिकन सामोआतल्या पागोपागोला जाणार असाल तर एक गंमत ध्यानात ठेवा. २०११ च्या अखेरीस सामोआने ३० डिसेंबर गाळून तारीखरेषेची बाजू बदलली, अमेरिकन सामोआ मात्र जागेवरच राहिलं. त्यामुळे आपियातून निघालेलं विमान तुम्हाला आदल्या तारखेला उतरवतं. खोली त्याच तारखेची घ्या. आणि हो, रविवार आपियात काढून सोमवारी निघालात, तर तिथे पुन्हा रविवारच भेटेल.