फ्रिजची घरघर

फ्रिजची घरघर थांबली तेव्हा कळलं की ती इतका वेळ चालू होती. मी खुर्चीत बसले होते, फोन मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवून. वीस मिनिटं काही करायचं नाही, मन काय करतं ते फक्त बघायचं, एवढाच बेत. तिसरा आठवडा चालू आहे.

घरघर थांबताच मन कामाला लागलं. बिघडला वाटतं! कोणाला बोलवायचं, गॅरंटी तर संपली असणार. अहो, तो मधूनमधून आपोआप थांबतोच, इतकी वर्षं बघतेय मी. पण जरा शांत झालं की मनाला काहीतरी बिनसल्याचाच वास येतो.

मग कानात बारीक सूंऽऽ. पहिल्या आठवड्यात त्यावरून मी थेट आजारापर्यंत पोचले होते. पुढे वाचनात आलं की १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी कान ठणठणीत असलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर ९४ टक्के लोकांना असलेच आवाज ऐकू आले. सूं अजूनही येतं, पण आता येऊ देते.

व्हर्जिनिया विद्यापीठातला २०१४चा प्रयोग मात्र वाचून हसले होते. पंधरा मिनिटं एकट्याने विचार करत बसा, हवं तर बटण दाबून स्वतःला शॉक द्या. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी सहा जणींनी दाबलं! परवा माझा हात रिकाम्या खिशाकडे किती वेळा गेला ते मोजलं. अकरा. हसू ओसरलं.

खरी गंमत त्यानंतर. गळ्याच्या खाली, छातीच्या मधोमध काहीतरी पोकळ जाणवतं. दुखत नाही. कपाट हलवल्यावर भिंतीवर वेगळ्या रंगाचा चौकोन उरतो ना, तसं. मन त्याला नावं देत सुटतं. आधी म्हणालं, भूक. नुकतीच जेवले होते. मग म्हणालं, एकटेपणा. तेही पटेना. शेवटी त्याने आठ वर्षांपूर्वीची एक मीटिंग उकरून काढली, जिथे माझं बोलणं अर्ध्यात तोडलं गेलं होतं. कानशिलं तापली, मनातल्या मनात सडेतोड उत्तर तयार झालं आणि ती पोकळी गायब. सांगायला लाज वाटते, पण राग आल्यावर मला चक्क बरं वाटलं. म्हणजे इतकी वर्षं तो अपमान मी सांभाळून ठेवलाय तो यासाठी?

काल एकदा नाव सुचलंच नाही. चौकोन होता, मी होते. तीन-चार श्वास गेले असतील. लगेच आतून आरोळी, ‘जमलं!’ आणि पाठोपाठ या लेखाचं पहिलं वाक्य. उरलेली दहा मिनिटं तेच घोळवत बसले.