89 की 80

मी अमेरिकेत मेरीलँडमधे एका मुलांच्या डायबेटिस क्लिनिकमधे एज्युकेटर आहे. डॉक्टर नाही. टाइप वन डायबेटिस (पॅनक्रियाज इन्सुलिन बनवणं बंद करतं, म्हणून ते रोज बाहेरून घ्यावं लागतं) झालेल्या मुलाला आणि त्याच्या आईबापाला इन्सुलिन किती घ्यायचं, कार्ब कसे मोजायचे, अंगावर लावलेल्या, सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरचा ग्राफ कसा वाचायचा, रात्री शुगर पडली तर काय करायचं हे सगळं शिकवायचं, पुन्हा पुन्हा शिकवायचं, हे माझं काम. बाल्टिमोर जवळ आहे त्यामुळे सप्टेंबर ते जानेवारी निम्म्या अपॉइंटमेंट रेव्हन्सच्या, म्हणजे बाल्टिमोरच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या, गप्पांनीच सुरू होतात. इथे आले तेव्हा मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आता मी रविवारी फोन सायलेंटवर टाकून मॅच बघते.

दिवस होता मंगळवार, 21 जानेवारी 2025. सोमवारची सुट्टी होती, आणि रविवारी रात्री आपले रेव्हन्स बफेलोच्या टीमकडून हरले होते, 27-25. क्लिनिकमधे घरात कोणी गेल्यासारखं वातावरण. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. शेवटच्या क्वार्टरमधे आपण पाच पॉइंटनी मागे होतो, आपल्या मार्क अँड्र्यूजने चांगला कॅच घेतला, पुढे पळाला आणि बफेलोच्या टेरेल बर्नार्डने मागून येऊन त्याच्या हातातला बॉल पाडला आणि स्वतःच उचलला. त्यावर त्यांनी तीन पॉइंट काढले. तरी आपला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, लमार जॅक्सनने टीमला परत आणलं, 1 मिनिट 33 सेकंद राहिले असताना आयझाया लाइकलीला 24 यार्डाचा टचडाउन दिला (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा पॉइंट), 27-25, आता त्यानंतर मिळणारा दोन पॉइंटचा जादा प्रयत्न जमला की 27-27. दोन यार्डांवरून एकच चान्स. लमारने बॉल अँड्र्यूजकडे टाकला, तो मोकळा होता, बॉल हाताला लागला आणि निसटला. संपलं.

लाइकली आणि अँड्र्यूज दोघंही टाइट एंड. टाइट एंड म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहणारा दांडगा गडी, एका खेळीत तो समोरच्याला अडवून धरतो आणि दुसऱ्या खेळीत सुटून पळतो आणि कॅच घेतो. आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर विकेटकीपर-बॅट्समन, दोन्ही कामं यायला हवीत. आणि रेव्हन्सकडे असे दोन चांगले होते म्हणून भांडण. टीममधे धोनी पण आहे आणि कार्तिक पण आहे, मग खरा कीपर कोण.

आमची मेडिकल असिस्टंट बाल्टिमोरचीच, साठीच्या आसपासची, ती सकाळी कॉफी घेताना म्हणाली की या गावाला टाइट एंडचं वेड आजचं नाही. जॉन मॅकी इथे कोल्ट्सकडून, म्हणजे गावाच्या जुन्या टीमकडून, खेळला, मग कोल्ट्सवाले 1984 मधे रातोरात ट्रक भरून इंडियानापोलिसला निघून गेले (ते सांगताना अजून तिचा आवाज बदलतो), मग रेव्हन्स आले, 2000 च्या सीझनला शॅनन शार्पने ओकलंडमधे 96 यार्ड पळून टचडाउन केला आणि टीम सुपर बोलला, म्हणजे फायनलला, गेली, मग टॉड हीप. कॉलेजमधल्या सगळ्यात चांगल्या टाइट एंडला मॅकीच्याच नावाचं अवॉर्ड देतात आणि 2017 ला ते मिळालं होतं मार्क अँड्र्यूजला. ती म्हणाली, हा मुलगा आमच्याकडे येणारच होता.

आता माझ्या खोलीबद्दल. भिंतीवर अँड्र्यूजचा मोठा फोटो होता, 89 नंबरच्या जर्सीतला. कारण अँड्र्यूजला टाइप वन आहे, नऊ वर्षांचा असताना निदान झालं. 2018 च्या ड्राफ्टमधे (टीम्स आळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात ते) रेव्हन्सनी पहिल्याच फेरीत हेडन हर्स्ट नावाचा दुसरा टाइट एंड घेतला होता आणि अँड्र्यूज आला तिसऱ्या फेरीत, 86 वा, आणि 2021 ला याच माणसाने 107 कॅच घेऊन 1,361 यार्ड काढले. मॅच चालू असताना बाकावर येऊन शुगर बघतो आणि परत मैदानात जातो. नवीन निदान झालेलं मूल रडत आत आलं की मी पहिला तो फोटो दाखवायचे. किती मुलांना दाखवला असेल देव जाणे.

दुपारी दोनची अपॉइंटमेंट एका तेरा वर्षांच्या मुलाची होती, निदान होऊन दीड वर्ष झालेलं. बरोबर वडील. वडिलांच्या अंगात 89, मुलाच्या अंगात 80, म्हणजे लाइकली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. मी सेन्सरचा चौदा दिवसांचा रिपोर्ट उघडला आणि रविवारची रात्र बघून माझ्या पोटात गोळाच आला. साडेसहाला पिझ्झा, त्याचा डोस घेतलेला, नऊपर्यंत ग्राफ बरा. मग साडेनऊच्या सुमारास सरळ वर, 290. मग खाली, खाली, आणि रात्री दोन वाजता 54.

मी विचारलं काय झालं. वडील म्हणाले झोपेत पडली, अलार्म वाजला, मी ज्यूस पाजला, पंधरा मिनिटांनी परत बघितली, परत पाजला. मुलगा गप्प. मी इन्सुलिन पेनचा रेकॉर्ड बघितला तर पावणेदहाला एक करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचा जादा डोस, आणि साडेदहाला अजून एक. रागात शुगर उतरेना म्हणून त्याने दुसरा डोस मारला होता, पहिल्याचं काम अजून चालूच होतं. एकावर एक इन्सुलिन चढलं. मॅचच्या टेन्शनने अॅड्रेनलिन वाढतं, त्याने काही न खाता सुद्धा शुगर चढते, आणि ते ओसरलं की ती आपोआप थोडी उतरते, त्यात वर दोन डोस. नशीब की वडिलांना जाग आली.

मी समजावायला लागले आणि सवयीने हात भिंतीकडे गेला, म्हटलं बघ, अँड्र्यूज पण मॅचच्या दिवशी...

तर तो एकदम बोलला. "प्लीज, अँड्र्यूज नको."

वडील भडकले. म्हणाले, दोन दिवस हेच चाललंय, एक बॉल सुटला तर तो माणूस वाईट झाला का, अरे यंदा 11 टचडाउन केलेत त्याने, हीपचा टीमचा रेकॉर्ड मोडला, आणि तुझ्यासारखाच आजार घेऊन.

आणि मग जे भांडण झालं ते मी जन्मात विसरणार नाही, कारण त्या मुलाला विषय पाठ होता. तो म्हणाला, सीझनच्या सुरुवातीला अँड्र्यूजने सलग दोन मॅच एकही कॅच घेतला नाही. सीझनच्या पहिल्याच मॅचला कॅन्सस सिटीत कोण खेळलं? लाइकली, 9 कॅच, 111 यार्ड, आणि शेवटच्या सेकंदाला टचडाउन झालाच होता, बुटाचं टोक लाइनवर पडलं म्हणून गेला. 2023 ला नोव्हेंबरमधे अँड्र्यूजच्या पायाला दुखापत झाली तेव्हा टीम कोणी सांभाळली? रविवारी तो शेवटचा टचडाउन कोणाचा? बॉल हातात आल्यावर लाइकली तीन जणांना चुकवतो, अँड्र्यूज जिथे पकडतो तिथेच पडतो.

वडील म्हणाले, आकडे बघ, अँड्र्यूज 55 कॅच, लाइकली 42. मुलगा म्हणाला, लाइकलीकडे बॉल टाकतातच कमी. वडील म्हणाले, टाकत नाहीत त्याला कारण आहे, लमार आणि अँड्र्यूज एकाच वर्षी आले, सात वर्षं एकत्र खेळतायत, जिथे दोन यार्डात सगळं अडकलंय तिथे लमार डोळे मिटून 89 शोधतो. मुलगा म्हणाला, हो ना, आणि काय झालं?

खोलीत शांतता. मला खरं सांगायचं तर मनातून वडिलांचं पटत होतं, आजही पटतं. दोन यार्डांवर बॉल कोणाकडे टाकायचा हा प्रश्न आला तर मी अँड्र्यूजच म्हणेन, सुटला तरी. 2019 च्या सेमीफायनलला धोनी रनआउट झाला म्हणून त्या बॉलला दुसरा कोणी स्ट्राइकवर हवा होता असं मला कधी वाटलं नाही. पण मुलगा खोटं काहीच बोलत नव्हता.

मी विचारलं, तू कुठे खेळतोस? म्हणाला टाइट एंड. मग हळू आवाजात, खाली बघून, म्हणाला, "मला लाइकली आवडतो कारण तो जसा पळतो तसं मला पळायचंय. निदान झालं तेव्हापासनं सगळे मला अँड्र्यूजच देतात. कोचने जर्सी दिली, आत्याने पोस्टर दिलं, शाळेतल्या नर्सने स्टिकर दिला. मला कोणी विचारलंच नाही तुला कोण आवडतो. मी पॅनक्रियाज बघून टाइट एंड का निवडू?"

वडिलांनी तोंडावरून हात फिरवला. ती 89 ची जर्सी त्यांनी निदान झाल्याच्याच आठवड्यात घेतली होती, दोन घेतल्या होत्या, एक स्वतःला आणि एक मुलाला, मुलाची कपाटात तशीच टॅगसकट आहे. हे त्यांनीच मला सांगितलं, नंतर, कॉरिडॉरमधे. डोळे भरले होते त्यांचे. मुलाला एकटं वाटू नये म्हणून घेतली होती.

मी फोटोकडे पाठ केली आणि खुर्ची मुलाच्या बाजूला ओढली. म्हटलं ठीक आहे, लाइकलीवर बोलू. त्या टचडाउनला तो आधी काय करतो सांग. तो सांगायला लागला, कुठून सुटला, कुठे वळला, लमार त्याला राखणाऱ्यांच्या कोंडाळ्यातनं बाहेर आला तेव्हा तो कसा परत जागा शोधत गेला, आणि बोलता बोलता मी ग्राफ त्याच्यासमोर ठेवला, म्हटलं आता ही खेळी तू वाच. साडेनऊला काय झालं? म्हणाला ड्रॉप, बॉल सुटला. पावणेदहाला? पहिला डोस. मग साडेदहाला काय करायला हवं होतं? त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "थांबायला हवं होतं. पहिला अजून पळत होता." दीड वर्ष मी इन्सुलिनचं काम किती तास चालतं हे त्याला चार्टवर दाखवत होते, त्याने ते एका वाक्यात सांगितलं.

आम्ही नियम लिहून काढला. मॅच बघताना चढली तर एकच करेक्शन, मग तीन तास हात लावायचा नाही, पाणी प्यायचं, अलार्म चालू ठेवायचा, आणि झोपताना उतरत असेल तर वडिलांना सांगून झोपायचं. स्वतः खेळेल त्या दिवसाचं वेगळं लिहिलं, कारण दोन तास पळल्यावर शुगर रात्री उशिरा पण पडते, त्या दिवशी झोपायच्या आधी काहीतरी खायचं. त्याने ते त्याच्या फोनमधे टाइप केलं, शीर्षक दिलं 80.

त्याच आठवड्यात बातमी आली की बफेलोच्याच फॅन्सनी अँड्र्यूजच्या नावाने टाइप वनवर काम करणाऱ्या संस्थेला, ब्रेकथ्रू टी1डीला, पैसे पाठवायला सुरुवात केली, बघता बघता एक लाख डॉलरच्या वर गेले. ज्यांनी हरवलं त्यांनीच. मी क्लिनिकमधे सगळ्यांना वाचून दाखवलं आणि आमची मेडिकल असिस्टंट ढसाढसा रडली.

एप्रिलमधे तो मुलगा परत आला. फोटो मी काढला नव्हता, पण शेजारी एक कोरा कागद लावला होता, वर लिहिलेलं "तुझा कोण?", आणि तोपर्यंत त्यावर बरीच नावं झाली होती, एका मुलीने तर बॅले डान्सर काढली होती. वडिलांनी मार्कर घेतला आणि 89 लिहिलं. मुलाने मार्कर घेतला आणि त्याच्या बरोब्बर वर, दुप्पट मोठं, 80. मग दोघं एकमेकांना ढकलत खुर्चीत बसले आणि मी ग्राफ उघडला.